सीपीआरला न्यायच्या आधी

कोल्हापुरात कुणाला लागलं, भाजलं, कोण चक्कर येऊन पडलं, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सीपीआरला न्या." सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आमचं मोठं सरकारी हॉस्पिटल. रिक्षावाल्याला तेवढी तीन अक्षरं पुरतात. म्हणूनच २०१८ साली आमच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, शिकवायला आलेल्या सरांनी "माणूस कोसळलाय, श्वास नाही, सीपीआर कोण देणार?" असं विचारलं, तेव्हा मोल्डिंगचे, म्हणजे वाळूचे साचे करणारे, एक मामा उठून म्हणाले, "देणार कशाला सर, नेणार की. गाडी काढली की अर्ध्या तासात सीपीआर."

सर विचारत होते तो सीपीआर म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून त्याला तगवायचा उपाय. कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांच्या मनात हॉस्पिटलच होतं. सर म्हणाले, "मामा, श्वास थांबला की चार-पाच मिनिटांत मेंदू मरायला लागतो. अर्ध्या तासानं तुम्ही तिथं काय घेऊन पोचणार?" मामा खाली बसले. मी मागे हजेरीपट घेऊन उभी होते. मला दोन वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत टाइम ऑफिसला आहे. हजेरी, गेटपास, कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांची यादी आणि प्रथमोपचाराची पेटी, हे सगळं माझ्याकडे. पेटी माझ्या खुर्चीमागच्या कपाटात असायची, कुलूप लावून. उघडी ठेवली की पट्ट्या आणि बाम दोन दिवसांत संपतात, म्हणून कुलूप. किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये. मी साडेपाचला घरी जाते आणि भट्टी तिन्ही शिफ्ट चालते. इतकी वर्षं या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या.

२०१६ च्या एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास फोन आला, "ताई, पेटीची किल्ली कुठाय?" साच्यात कुठंतरी ओल राहिली होती, लॅडलमधून, म्हणजे रस ओतायच्या मोठ्या पळीतून, रस ओतला आणि तो उसळला. पोअरिंगवरच्या एका पोराच्या बुटात गेला. लोखंडाचा रस म्हणजे १४०० अंशांच्या आसपास. उकाडा म्हणून त्यानं पायावरची गेटर, म्हणजे बुटावरून पोटरी झाकणारं जाड आवरण, काढून ठेवली होती. मी फोनवर किल्लीची जागा सांगेपर्यंत पोरांनी कुलूप तोडलं होतं. आत कापूस, वाळलेली आयोडीनची बाटली, मुदत संपलेलं मलम, माझे दोन जुने रबरी शिक्के आणि खंडेनवमीच्या पूजेतली उरलेली उदबत्ती. शिक्के आणि उदबत्ती मीच ठेवली होती.

मग त्यांनी सुचेल ते केलं. बूट ओढून काढला, त्याबरोबर कातडंही आलं. कॉन्ट्रॅक्टरच्या खोलीतून टूथपेस्ट आणून लावली. हायवेवरच्या गाड्यावरून बर्फ आणला, वर मशीन पुसायचं कॉटन वेस्ट गुंडाळलं आणि जीपमध्ये घातलं. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी अपघात कसा झाला ते विचारलं नाही. ते म्हणाले, "भाजल्या भाजल्या पाणी किती वेळ घातलं?"

पाणी कुणी घातलंच नव्हतं. टूथपेस्ट खरवडून काढताना त्या पोराचा आवाज वॉर्डाबाहेर येत होता असं त्याच्या भावानं मला सांगितलं. पुढे मांडीची कातडी काढून पायावर लावली. तो तीन महिने घरी होता.

पाणी का घातलं नाही, हा प्रश्न मी नंतर बऱ्याच जणांना विचारला. उत्तर ऐकून मी गप्प झाले. फौंड्रीत माणूस पहिल्या दिवसापासून शिकतो की रसाजवळ पाणी नको. लॅडल दमट राहिली, भंगारात एखादा बंद डबा पाण्यासकट भट्टीत गेला, तर क्षणात वाफ होते आणि रस छपरापर्यंत उडतो. जुने लोक भट्टीजवळ पाण्याची बाटलीसुद्धा ठेवू देत नाहीत. ती शिस्त बरोबरच आहे. तिनंच अनेक जीव वाचवलेत. पण त्या रात्री नळ तीस पावलांवर असून एकाही हाताला तिकडे जावंसं वाटलं नाही, तेही त्याच शिस्तीमुळे. भाजलेल्या माणसाला भट्टीपासून लांब न्यायचं आणि मग पाणी, ही पुढची पायरी त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. दवाखान्याच्या माहितीपत्रकात फौंड्रीच्या कामगाराची ही अडचण कधी येणार नाही. ती आमच्या शेडमध्येच बसून सोडवावी लागते.

त्यानंतर २०१७ मध्ये प्रशिक्षण झालं खरं. एका ग्राहक कंपनीचं ऑडिट होतं, त्यांच्या यादीत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण होतं. वरच्या मजल्यावरच्या एसी हॉलमध्ये अकाउंट्स, परचेस, क्वालिटी आणि मी, असे चौदा जण बसलो. पडद्यावर चित्रं दाखवली, त्रिकोणी पट्टी बांधायला शिकवली, शेवटी तीन वर्षं मुदतीचं प्रमाणपत्र आणि फोटो. शिकवणाऱ्यांची काही चूक नव्हती. पण चौदांतले अकरा जण माझ्यासारखेच साडेपाचला घरी जाणारे. भट्टीवरचा एकही माणूस त्या हॉलमध्ये नव्हता. ऑडिटवाल्यांनी प्रमाणपत्रं मोजली आणि बरोबरची खूण केली.

मला ते फार लागलं. मी कायदा काढून वाचला. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचं ४५ वं कलम काही लांबलचक नाही. दर १५० कामगारांमागे निदान एक पेटी, आणि ती कामाच्या सगळ्या वेळात सहज हाताशी. पेटीत ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज दुसरं काही ठेवायचं नाही. प्रत्येक पेटीसाठी वेगळा जबाबदार माणूस, त्याच्याकडे राज्य सरकारनं मान्य केलेलं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र हवं, आणि कामाच्या वेळात तो कायम हजर हवा. पाचशेच्या वर कामगार असतील तर रुग्णवाहिका कक्ष, म्हणजे उपचाराची वेगळी खोली. 'कामाच्या सगळ्या वेळात' हे शब्द मी पेन्सिलीनं अधोरेखित केले. आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टरचे धरून दोनशेच्या आतबाहेर माणसं. म्हणजे किमान दोन पेट्या, आणि तिन्ही शिफ्टला शिकलेली माणसं. साप्ताहिक सुट्टी, रजा, गावची जत्रा, भाताची कापणी हे सगळं हिशेबात धरलं तर प्रत्येक शिफ्टला चौघं तरी तयार हवीत. हजेरी माझ्याकडेच असल्यानं हा तक्ता करायला मला एक दुपार पुरली.

तो घेऊन मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "म्हणजे एक हीट जाणार." हीट म्हणजे भट्टीत लोखंड वितळवायची एक खेप. मी म्हटलं, "साहेब, त्या पोराचे तीन महिने गेले." त्यांनी तक्ता ठेवून घेतला आणि आठवड्यानं पहिली शिफ्ट सुटताना व दुसरी लागताना, मधले दोन तास दिले, असे चार दिवस. हे त्यांचं मोठेपण मी अजून मानते.

शिकवायला आले ते गडहिंग्लजकडचे सर, लष्करातून निवृत्त झालेले, तिथं दवाखान्याच्या कामावर असलेले. त्यांनी हॉल बघितला आणि म्हणाले, "इथं नको. जिथं माणूस पडतो तिथं शिकवतो." मग मोल्डिंगच्या वाळूशेजारी ताडपत्री टाकून छातीपर्यंतचा पुतळा मांडला. क्रेनचा आवाज, धूळ, सगळं चालू. यूपी-बिहारची पोरं बरीच, म्हणून सर अर्धं मराठीत आणि अर्धं हिंदीत बोलायचे.

छाती दाबायची म्हणजे किती, हे बोलून कळत नाही. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल, सहाच्या वर नाही, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. आमच्यात तालमीत जाणारी पोरं आहेत. त्यांना वाटलं हे सोपं. पण ती खांद्याची ताकद लावून कोपरातून दाबत होती आणि मिनिटाभरात दमत होती. सरांनी हात सरळ ठेवून कमरेतून भार टाकायला लावला. सगळ्यात चांगलं जमलं ते कोअर शॉपमधल्या, म्हणजे साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथल्या, एका बारीक चणीच्या वहिनींना. लय एकदम पक्की. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, आणि बदलताना हात थांबता कामा नयेत, हे त्या चार दिवसांत पन्नास वेळा तरी घोटून घेतलं. तोंडानं श्वास देण्याबद्दल सगळ्यांना संकोच होता. सरांनी सांगितलं की आपल्या देशातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनंच सामान्य माणसासाठी नुसती छाती दाबण्याची पद्धत सांगितली आहे. हे ऐकल्यावर अर्धा संकोच गेला.

फिट आली की काय करायचं, यावर मोठी चर्चा झाली. आमच्याकडे लोखंडाला तोटा नाही, त्यामुळे फिट आलेल्याच्या हातात लोखंडाचा तुकडा द्यायचा हे सगळ्यांना ठाऊक. कांदा हुंगवायचा, चप्पल हुंगवायची, दातखीळ बसू नये म्हणून तोंडात चमचा. सरांनी कुणालाही वेड्यात काढलं नाही. "फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. तेवढ्यात तुम्ही कांदा आणता, म्हणून वाटतं कांद्यानं थांबली." आजूबाजूचं टोकदार सामान सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, धरून दाबू नका, झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटं होऊन थांबली नाही तर १०८ लावा. आणि शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. हे शेवटचं मामांना पटायला वेळ लागला. माणूस पडला की तोंडात पाणी घालणं ही आपल्याकडची माया आहे, ती एकदम सोडवत नाही.

फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करतात तिथं, आणखी एक गोष्ट होती. ग्राइंडरची कणी डोळ्यात गेली की तिथले एक अनुभवी दादा काडेपेटीच्या काडीनं किंवा रुमालाच्या टोकानं ती काढून द्यायचे. लांबलांबून माणसं त्यांच्याकडे यायची. त्यांचा हात खरंच हलका होता, पण बुबुळावर रुतलेली कणी अशी काढताना ओरखडा उठतो आणि त्यात जंतू गेले तर डोळा जाऊ शकतो. सरांनी त्यांना चारचौघांत टोकलं नाही. बाजूला घेऊन बोलले आणि डोळे धुवायच्या बाटलीची जबाबदारी त्यांच्याच गळ्यात घातली. सैल कचरा असेल तर पाण्यानं निघेल, रुतलेला असेल तर हात न लावता डोळ्याच्या डॉक्टरकडे. आजही माणसं त्यांच्याचकडे जातात.

विजेचा धक्का बसला तर आधी मेन बंद, मग माणूस. तुटलेलं बोट स्वच्छ ओलसर कापडात, मग पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही. वाहत्या रक्तावर हळद, कॉफी काही नको, स्वच्छ कापड आणि दाब. भाजल्यावर २० मिनिटं वाहतं पाणी, कातडीला चिकटलेलं काही ओढायचं नाही. हे मी मोठ्या अक्षरांत लिहून लावलं. पण भिंतीवरचं वाचून कुणी काही करत नाही, हे मला आता माहीत आहे. हातानं एकदा केलेलं असावं लागतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. कोल्हापूर नदीच्या पलीकडे, सीपीआर पलीकडे, आम्ही अलीकडे. भट्टी बंद होती, वॉचमन आणि मेंटेनन्सची पाच माणसं आत अडकली होती. त्यातल्या एकाचा तळहात पत्र्यानं चिरला. फोनवर मला तिकडचं काही दिसत नव्हतं, पण पलीकडून आवाज येत होता, "ताई, दाबून धरलंय, वरचं कापड भिजलं, त्यावर दुसरं ठेवलंय, पहिलं काढलं नाही." पहिलं कापड काढायचं नाही, हे त्यानं ताडपत्रीवर बसून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी हातकणंगले बाजूनं त्याला दवाखान्यात नेऊन टाके घातले.

हायवेची भीतीही त्या प्रशिक्षणात निघाली. आमच्या गेटसमोर अपघात होतात आणि पोरं मदतीला जायला कचरतात, पोलीस बोलावतील म्हणून. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचना मान्य केल्या आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत त्यासाठी १३४ अ हे कलमच आलं. आता मी दर बॅचला हे सांगते.

मग २०२१ मध्ये पुन्हा भाजलं. दुसरा मुलगा, पोटरीवर रस उडाला. या वेळी दोघांनी त्याला उचलून शेडबाहेर नेलं, नळाखाली बसवलं आणि एकानं मोबाइलवर वेळ लावली. दहा मिनिटांनी तो थरथरायला लागला, तेव्हा अंगावर चादर घातली आणि पाय मात्र पाण्याखालीच ठेवला. पूर्ण २० मिनिटं. स्वच्छ कापड सैल गुंडाळून नेलं. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला आणि त्या मुलानंच उत्तर दिलं. तो बारा दिवसांनी कामावर आला. भाजण्याची खोली वेगळी होती, जागा वेगळी होती, दोन माणसांची तुलना करून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. तरी त्या दिवशी घरी गेल्यावर मला रडू आलं.

आणि एक गोष्ट सांगायला जड जाते, पण ती सोडून हे लिहिणं खोटं होईल. २०२२ च्या डिसेंबरमध्ये रात्री भंगाराचा ट्रक आला होता, कर्नाटकातून. काट्यावर वजन होईपर्यंत ड्रायव्हर खाली उतरला आणि गेटपाशी कोसळला. गेट रजिस्टरमध्ये वेळ आहे, ९ वाजून ४२ मिनिटं. मोल्डिंगचा एक बिहारी मुलगा पाणी प्यायला आला होता, त्यानं हाक मारून पाहिलं, श्वास बघितला आणि दाबायला सुरुवात केली. वॉचमननं १०८ लावला. चौघं आळीपाळीनं दाबत राहिले. १०८ ची गाडी आत आली ती १० वाजून १ मिनिटाला. ड्रायव्हर वाचला नाही.

त्यानंतर तो मुलगा दोन दिवस जेवला नाही. "मैडम, मैंने ठीक से नहीं दबाया होगा," एवढंच म्हणायचा. मला त्याला काय सांगावं कळेना. मी सरांना फोन केला, ते गडहिंग्लजहून एसटीनं आले. त्याला पुतळ्याजवळ बसवून त्यांनी दाबायला लावलं, स्वतः मोजलं, आणि म्हणाले, "बरोबर दाबतोस. बरोबर दाबूनही बहुतेक माणसं जातात. मी फौजेत किती पाहिलीत." आमच्या चार दिवसांच्या शिक्षणात हा भाग नव्हता. प्रयत्न करूनही माणूस गेला तर त्या हातांचं काय, हे आता आम्ही पहिल्याच दिवशी बोलतो. जिथं जिथं असं प्रशिक्षण होतं तिथं यासाठी अर्धा तास ठेवावा, असं मला कळकळीनं वाटतं.

ड्रायव्हरचा भाऊ सकाळी हुबळीकडून आला. त्यानं मला एकच विचारलं, शेवटी जवळ कुणी होतं का. मी त्या मुलाला बोलावलं. दोघं गेटबाहेरच्या बाकावर बराच वेळ बसले होते. काय बोलले ते मी विचारलं नाही.

आता पेट्या तीन आहेत, कुलूप एकालाही नाही. पट्ट्या जातात, बाम जातो, मी दर सोमवारी भरते. दिवाळीनंतर आणि होळीनंतर कॉन्ट्रॅक्टरची नवी माणसं येतात, त्यांना सेफ्टी शूज देण्याआधी मी शेडबाहेरच्या नळापाशी नेते आणि नळ उघडून पाय खाली धरायला लावते. मात्र एक काम राहिलं आहे. छपरावरच्या काळ्या टाकीचं पाणी एप्रिल-मेच्या दुपारी हाताला चटका बसेल इतकं तापतं, आणि भाजलेल्यावर ते घालून उपयोग नाही. नळ थेट बोअरच्या लाइनला जोडून हवा आहे. फेब्रुवारीत इंडेंट, म्हणजे सामानाचं मागणीपत्र, दिलंय, पाइप आला आहे, प्लंबर येत्या रविवारी येतो म्हणालाय.